ह-१७, डावी

हेल्दूर, तुमचं नाक अजून आमच्याकडे आहे.
म्हणजे नाक नव्हे, नाकातलं एक बिऱ्हाड,
उणे ऐंशी अंशांवर, तिसऱ्या कप्प्यात,
निळ्या टोपणाच्या कुपीत.
टोपणावर माझं अक्षर: ह-१७, डावी.

टार्टूत त्या नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवे लागत होते
आणि चार नंबरच्या वॉर्डात
कुठल्याच औषधाला भीक न घालणारा तो जंतू
खाटेवरून खाटेवर निवांत फिरत होता.
सहा खाटा. पाच थाळ्या पिवळ्याधमक.
त्याच्या शास्त्रीय नावातच सोनं आहे, बरं का.
तुमची थाळी तेवढी पांढरी.
डॉक्टर म्हणाले, चूक झाली असेल, पुन्हा घे.

मी पुन्हा आले, कापसाची काडी घेऊन.
तुम्ही नाक मुरडलंत. म्हणालात,
"माझ्या नाकात शेंबूड आहे, पोरी, सोनं नाही."
खरंच होतं. सोनं बाकीच्या पाचांच्या नाकात होतं.
चाळीस वर्षं दलदलीतून पीट खणलेली तुमची बोटं
चादरीवर काळी, घट्ट मिटलेली.

दुसऱ्या दिवशी थाळी खिडकीशी धरली.
पिवळ्या दाट सायीत तुमचा ठिपका, मोहरीएवढा,
आणि भोवती
काहीच नाही.
कुणी पहाटे उठून केर काढल्यासारखं
गोल, लख्ख, रिकामं.

मग दोन वर्षं त्या रिकामेपणाचा अभ्यास.
बावीस मण्यांची एक माळ निघाली,
मध्येच स्वतःत अडकून गाठ बसलेली,
उकळली तरी न सुटणारी.
ती शत्रूच्या सालीला जाऊन चिकटते,
साल भोकसते, आतलं सगळं बाहेर झिरपतं.
बस. एवढंच.
यात दया नाही, हेल्दूर, मी शोधून पाहिली.
तुमच्या भाडेकरूला ना वॉर्ड ठाऊक, ना आम्ही.
नाकपुडीत खायला कमी, तोंडं फार,
म्हणून हा विषाचा कारखाना.

तुम्ही जानेवारीत गेलात, हृदयाने.
मार्चात लेइदाबाई आल्या, बूट दारातच काढून,
म्हणाल्या, त्याचं काहीतरी ठेवलंय म्हणे तुम्ही.
मी थाळी दाखवली. काय सांगावं सुचेना,
म्हणून त्या वर्तुळावर नुसतं बोट ठेवलं.
बराच वेळ पाहिलं त्यांनी.
"कुंपणाशी कुणी आलं की हा खाकरायचा.
एकतीस वर्षं आमच्या घरी
कॉफीला कुणी आलेलं नाही."
आणि हसायला लागल्या, "हाच तो, हाच!"
हसू थांबेना, तेव्हा बाहीने डोळे पुसले.

उंदरांच्या जखमा भरल्या, हे तुम्हाला सांगायचं होतं.
हेही सांगायचं होतं, की माणसाच्या रक्तात
माळ तासाभरात तुटते, अजून.
की दर काही कोटींमागे एखादा पिवळा
साल जाड करून घेतो आणि जगतो.
की दोन नंबरच्या खाटेवरच्या काल्यूचा पाय
मांडीपासून काढला,
तेव्हा तुमची कुपी दोन मजले खाली होती,
गोठलेली, वेळेच्या फार आधीची.
लिफ्टने जेमतेम एक मिनिट.

जाताना लेइदाबाईंनी एक बरणी ठेवली टेबलावर.
आंबवलेली कोबी. तुम्हाला आवडायची म्हणे,
एवढीच एक गोष्ट तुम्ही वाटून खायचात.
प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ ठेवायला बंदी आहे.
मी घरी नेली.
रात्री स्वयंपाकघरात झाकण हळूच फुसकारतं,
आत कुणीतरी कुणाला तरी
बाजूला सरकवत असतं, मिठाच्या पाण्यात.
मी उठते, अनवाणी,
झाकण किंचित सैल करते
आणि थोडा वेळ तिथेच उभी राहते.